नव्या कन्सोलवर जुने गेम चालतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नवा कन्सोल घ्यायचं ठरलं की किमतीनंतर लगेच कपाटातल्या डिस्क आठवतात. इतके पैसे घालून घेतलेल्या गेमचं आता काय करायचं? वाचक याबद्दल जे पुन्हापुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. सारखे प्रश्न एकात घेतले आहेत आणि एक उत्तर दुसऱ्याशी जोडलेलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत आधीच सांगतो: विकत घेतलेला गेम वीस वर्षांनीही खेळता आला पाहिजे. तो खेळता येईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: आतली चिप, डिस्कचा ड्राइव्ह आणि कंपन्यांची परवानगी.

१. माझ्याकडे पीएस ४ (सोनीचा प्लेस्टेशन ४) च्या बऱ्याच डिस्क आहेत. पीएस ५ वर चालतील का?

हो, जवळजवळ सगळ्या. पीएस ४ साठी निघालेल्या चार हजारांहून अधिक गेमपैकी ९९ टक्क्यांपेक्षा जास्त चालतात, असं सोनीने २०२० मध्येच जाहीर केलं होतं. न चालणाऱ्यांची यादी तेव्हा फक्त दहा नावांची होती. 'शॅडवेन', 'जोज डायनर' असे फारसे कुणी न खेळलेले गेम त्यात होते आणि पुढे ती यादी आणखी आखडली.

अडचण ड्राइव्हची आहे. डिजिटल एडिशनमध्ये डिस्क घालायला जागाच नसते. २०२३ च्या शेवटी आलेल्या सडपातळ डिजिटल मॉडेलला आणि २०२४ च्या पीएस ५ प्रोला ड्राइव्ह वेगळा घेऊन बसवता येतो, २०२० च्या जुन्या डिजिटल मॉडेलला मात्र नाही. डिस्क जास्त असतील तर घेतानाच ड्राइव्हवालं मॉडेल घ्या. नंतर डिस्क देऊन डिजिटल प्रत मिळवण्याची सोय सोनीने ठेवलेली नाही.

२. आणि पीएस ३, पीएस २, पीएस १ च्या डिस्क?

नाही, एकही नाही. पीएस ४ आणि पीएस ५ चे ड्राइव्ह सीडी वाचतच नाहीत, त्यामुळे पीएस १ चा विषय तिथेच संपतो. पीएस २ ची डीव्हीडी आणि पीएस ३ ची ब्लू-रे डिस्क लेझरला वाचता येते, पण गेम चालवणारं सॉफ्टवेअर कन्सोलमध्ये नसतं. पीएस ३ इतका अवघड का, ते प्रश्न ६ मध्ये आहे. जुने गेम वेगळ्या वाटेने मिळतात का, ते प्रश्न ८ मध्ये.

३. एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि सिरीज एस वर काय काय चालतं?

या बाबतीत आज मायक्रोसॉफ्टच्या जवळपास कुणी नाही. एक्सबॉक्स वनचे जवळजवळ सगळे गेम चालतात, फक्त किनेक्ट कॅमेरा लागणारे सोडून. एक्सबॉक्स ३६० आणि २००१ सालचा मूळ एक्सबॉक्स यांचे निवडक गेम चालतात, दोन्ही मिळून सहाशेहून जास्त. त्यात मूळ एक्सबॉक्सचे साठच्या आसपास आहेत. ३६० वर एकूण दोन हजारांहून अधिक गेम आले होते, म्हणजे तुमचा गेम यादीत असेलच असं नाही. एक्सबॉक्सच्या स्टोअरमध्ये नाव टाकून बघा. सगळेच का नाहीत, ते प्रश्न ९ मध्ये.

सिरीज एस ला ड्राइव्ह नाही. पांढऱ्या रंगाच्या पूर्ण डिजिटल सिरीज एक्स लाही नाही. तिथे फक्त तुमच्या खात्यावर डिजिटल घेतलेले गेम दिसतील.

४. निन्टेंडो स्विचची कार्डं स्विच २ मध्ये चालतात का?

बहुतेक सगळी चालतात. स्विच २ ची खाच जुनं कार्डही घेते. पण कन्सोल खोक्यातून काढल्या काढल्या जुना गेम सुरू होणार नाही. आधी इंटरनेटवरून सिस्टीम अपडेट घ्यावं लागतं. भाच्याला वाढदिवसाला देणार असाल तर ते आदल्या रात्रीच उरकून ठेवा.

अपवाद आकारामुळे येतात. स्विच २ मोठा आहे, म्हणून निन्टेंडो लॅबोच्या व्हीआर किटच्या पुठ्ठ्याच्या चष्म्यात तो बसत नाही. काही गेमना जुन्या जॉय-कॉनचा, म्हणजे स्विचच्या बाजूला अडकवायच्या कंट्रोलरचा, इन्फ्रारेड कॅमेरा लागतो. तो नव्या जॉय-कॉनमध्ये नाही, त्यामुळे जुने जॉय-कॉन जोडून खेळावं लागतं. ते जपून ठेवा.

५. जुना गेम नव्या यंत्रावर 'चालतो' म्हणजे आत नेमकं काय होतं?

सगळ्यात खात्रीचा आणि खर्चाचा मार्ग म्हणजे जुनी चिपच नव्या यंत्रात घालायची. २००० सालच्या पीएस २ मध्ये पीएस १ चा प्रोसेसर जसाच्या तसा होता. पीएस २ चा गेम चालू असताना तो कंट्रोलर, मेमरी कार्ड वगैरेंचं काम बघायचा आणि पीएस १ ची डिस्क घातली की पुन्हा मुख्य प्रोसेसर व्हायचा. गेम बॉय अॅडव्हान्समध्येही जुन्या गेम बॉयचा ८-बिट प्रोसेसर शेजारी बसवलेला होता. कन्सोलच्या इतिहासात यापेक्षा नेटकं काम मला माहीत नाही.

दुसरा मार्ग त्याच घराण्यातली पुढची चिप वापरण्याचा. निन्टेंडोचे गेमक्यूब, वी आणि वी यू हे तिन्ही पॉवरपीसी नावाच्या चिपच्या घराण्यातले, म्हणून २००६ च्या पहिल्या वी वर गेमक्यूबचे कंट्रोलर जोडायच्या चार खाचासुद्धा होत्या. पीएस ४ आणि पीएस ५ दोन्ही एएमडीच्या एक्स ८६ चिपवर चालतात. पण घराणं एक असलं तरी खरी मेख ग्राफिक्समध्ये असते. पीसीवर गेमचे शेडर, म्हणजे रंग आणि प्रकाशाची गणितं करणारे छोटे प्रोग्रॅम, तुमच्या ग्राफिक्स कार्डाप्रमाणे तिथल्या तिथे तयार होतात. कन्सोलवर ते ठरावीक चिपसाठी आधीच तयार करून डिस्कवर दिलेले असतात. चिप बदलली की ते निकामी होऊ शकतात. म्हणून पीएस ५ च्या ग्राफिक्स चिपमध्ये जुन्या सूचना समजण्याची सोय ठेवावी लागली. त्यातल्या गणना एककांची संख्याही पीएस ४ प्रोइतकीच, ३६ आहे.

तिसरा मार्ग इम्युलेटरचा. हा दुभाष्यासारखा असतो: गेम जुन्या चिपच्या भाषेत बोलतो, इम्युलेटर ते नव्या चिपला समजावून सांगतो आणि त्यात वेळ जातो. म्हणून नवं यंत्र जुन्यापेक्षा कितीतरी पट वेगवान असावं लागतं. स्विच २ दुसऱ्या आणि तिसऱ्या मार्गाच्या मधे पडतो. प्रोसेसर जुन्याच घराण्यातला आहे, पण ग्राफिक्सची रचना नवी, त्यामुळे जुन्या गेमचा काही भाग चालता चालता भाषांतरित होतो.

रिमास्टर किंवा रिमेक यात येत नाहीत. ते नवं उत्पादन असतं आणि त्याचे बहुतेक वेळा पुन्हा पैसे पडतात.

६. पीएस ५ इतका ताकदवान आहे, मग पीएस ३ चे गेम का नाही चालवत?

कारण पीएस ३ ची सेल चिप. तिच्यात एक मुख्य गाभा आणि त्याला जोडलेले आठ छोटे मदतनीस गाभे होते. आठातला एक कारखान्यातच बंद केलेला, एक सिस्टीमसाठी राखीव आणि उरलेले सहा गेमसाठी. प्रत्येकाजवळ फक्त २५६ केबी स्वतःची स्मृती. माहिती तिथे केव्हा आणायची, केव्हा बाहेर पाठवायची, हे सगळं प्रोग्रॅमरने हाताने ठरवायचं. ज्यांनी ही चिप पुरती पिळून काढली त्यांचे गेम २००६ च्या मानाने अफाट दिसायचे, आणि नेमके तेच गेम दुसऱ्या चिपवर उतरवणं सगळ्यात कठीण. सहा गाभ्यांचं एकमेकांशी जुळलेलं वेळापत्रक दुभाष्यामार्फत सांभाळायला प्रचंड ताकद लागते.

अशक्य मात्र नाही. पीसीवर आरपीसीएस ३ नावाचा मुक्त-स्रोत इम्युलेटर बरेच गेम चालवतो. सोनीने तेवढं काम अजून स्वतः केलेलं नाही आणि ते करायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

७. जुना पीएस ३ विकत घेतोय. त्यावर पीएस २ चे गेम चालतात असं विकणारा म्हणतो. खरं का?

मॉडेल बघा. पीएस १ च्या डिस्क सगळ्या पीएस ३ वर चालतात. पीएस २ च्या फक्त सुरुवातीच्या मॉडेलवर. नोव्हेंबर २००६ च्या २० आणि ६० जीबी मॉडेलमध्ये पीएस २ च्या दोन्ही मुख्य चिपा होत्या. मार्च २००७ ला युरोपात आलेल्या ६० जीबी मॉडेलमधून मुख्य प्रोसेसर काढला, ग्राफिक्स चिप ठेवली आणि बाकीचं इम्युलेटरवर सोपवलं, त्यामुळे काही गेम अडखळतात. त्याच वर्षी ४० जीबी मॉडेल आलं आणि ही सोय पूर्ण गेली. कारण खर्चाचं होतं.

ओळखायची सोपी खूण: पुढच्या बाजूला यूएसबीच्या चार खाचा असतील तर पीएस २ चालण्याची शक्यता आहे. दोनच असतील तर विसरा, मग हार्डडिस्क कितीही मोठी असो. सडपातळ पीएस ३ वर पीएस २ ची डिस्क चालत नाही. पैसे देण्याआधी स्वतःची डिस्क घालून बघा.

८. पीएस प्लस घेतलं की जुने गेम मिळतात म्हणे. भारतात काय मिळतं?

जून २०२२ पासून पीएस प्लस या सोनीच्या वर्गणी योजनेच्या सर्वांत वरच्या पातळीत पीएस १, पीएस २ आणि हातात धरायच्या पीएसपीचे काही निवडक गेम डाउनलोड करून खेळता येतात. भारतात या पातळीचं नाव डिलक्स आहे. अमेरिका-इंग्लंडमध्ये प्रीमियम मिळतं आणि त्यात पीएस ३ चे गेमही असतात, पण ते सोनीच्या सर्व्हरवर चालतात आणि चित्र तेवढं तुमच्या टीव्हीवर येतं. डिलक्समध्ये ही स्ट्रीमिंगची सोय नाही, म्हणून पीएस ३ चे गेमही नाहीत. तिकडे राहणाऱ्या नातेवाइकांचं ऐकून इथे डिलक्स घेणारे इथेच फसतात. तुमच्या जुन्या डिस्कचा या योजनेशी काही संबंध नाही, आणि वर्गणी थांबली की त्यातले गेमही बंद.

९. एक्सबॉक्स ३६० चे काही गेम चालतात, काही नाहीत. असं का?

तांत्रिक कारणं आहेतच, पण परवान्यांचा प्रश्नही मोठा आहे. एक्सबॉक्स वनची चिप बनवतानाच तिच्यात ३६० च्या आवाजाची आणि टेक्श्चरची (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायच्या चित्रांची) पद्धत समजण्याची सोय ठेवलेली होती. जून २०१५ मध्ये घोषणा झाली आणि नोव्हेंबर २०१५ मध्ये १०४ गेमनी सुरुवात झाली. त्यानंतर प्रत्येक गेम वेगळा तपासून, इम्युलेटरसकट नव्याने बांधून द्यावा लागला, आणि ती नवी प्रत वाटायला मूळ प्रकाशकाची परवानगी लागते.

तिथेच घोडं अडतं. प्रकाशक बुडालेला असतो, किंवा हक्क तिघांत वाटलेले असतात, किंवा गेममधल्या गाड्यांचा, खेळाडूंचा, संगीताचा करार संपलेला असतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये एक्सबॉक्सच्या विसाव्या वाढदिवसाला ७६ गेमची शेवटची भर पडली आणि परवाने, कायदेशीर आणि तांत्रिक अडचणींमुळे याहून पुढे जाता येत नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं. यादी तिथेच थांबली आहे.

१०. ३६० ची डिस्क सिरीज एक्स मध्ये घातली तर ती पूर्ण गेम डाउनलोड करायला लागली. डिस्क खराब आहे का?

डिस्क ठीक आहे. डिस्कवरचा कोड पॉवरपीसी चिपचा आहे, तो सिरीज एक्स च्या कामाचा नाही. कन्सोल डिस्क फक्त ओळखतो, ती यादीत आहे का बघतो आणि प्रश्न ९ मध्ये सांगितलेली नव्याने बांधलेली प्रत सर्व्हरवरून उतरवतो. पुढे प्रत्येक वेळी डिस्क आत हवी, पण ती मालकीचा पुरावा म्हणून. गेम सुरू होताना ३६० चं जुनं बोधचिन्ह दिसतं आणि कंट्रोलरवरची व्ह्यू आणि मेनू ही दोन बटणं एकत्र दाबली की ३६० चा जुना गाइड (मेनू) सुद्धा उघडतो, कारण आत ३६० ची सिस्टीमच चाललेली असते. एक्सबॉक्स वनच्या डिस्कचं असं नाही, तिच्यावरचा गेम सरळ इन्स्टॉल होतो.

११. आमच्या गावी नेट धड नाही. इंटरनेटशिवाय चालेल का?

पीएस ५ वर पीएस ४ ची डिस्क साधारणपणे नेटशिवाय इन्स्टॉल होते. वेगळा घेतलेला ड्राइव्ह मात्र पहिल्यांदा जोडताना नेट लागतं. सिरीज एक्स वर एक्सबॉक्स वनच्या डिस्कसाठीची ऑनलाइन तपासणी २०२२ मध्ये बऱ्याच अंशी काढली, पण ३६० आणि मूळ एक्सबॉक्सच्या डिस्कला डाउनलोड अटळ आहे. स्विच २ ला पहिलं अपडेट लागतं (प्रश्न ४). ही सगळी कामं शहरात, चांगल्या वायफायवर उरकून मग कन्सोल गावी न्या.

१२. जुना गेम नव्या कन्सोलवर जास्त चांगला दिसतो का?

लोड होण्याचा वेळ कमी होतो, हे जवळपास सगळीकडे खरं. बाकी गेमप्रमाणे बदलतं. ज्या गेमची फ्रेमची गती (सेकंदाला किती चित्रं दिसतात ती) मोकळी सोडलेली होती तो नव्या चिपवर आपोआप सफाईदार होतो. ज्याला ३० फ्रेमचं कुलूप आहे तो ३० वरच राहतो. याचं सगळ्यात दुखरं उदाहरण म्हणजे २०१५ चा 'ब्लडबोर्न', पीएस ५ वरही १०८० पी आणि ३० फ्रेम. याउलट २०१८ च्या 'गॉड ऑफ वॉर'ला फेब्रुवारी २०२१ मध्ये पॅच (सुधारणेचं अपडेट) मिळाला आणि तो ६० फ्रेमवर गेला.

एक्सबॉक्सवर मूळ गेमला हात न लावता फ्रेम दुप्पट करणारी एफपीएस बूस्ट आणि रंगांना उठाव देणारी ऑटो एचडीआर अशा सोयी आहेत. पहिली ठरावीक गेमनाच मिळते. स्विच २ वर काही गेमना फुकट अपडेट मिळालं, काहींना पैसे भरून घ्यायचं अपग्रेड आहे. पीएस ५ प्रो पीएस ४ च्या साडेआठ हजारांहून अधिक गेमना थोडाफार हात देऊ शकतो असं सोनी सांगते. तो २०२४ मध्ये बाजारात आला तेव्हा ६ गिगाहर्ट्झ वायफायच्या नियमांमुळे भारतात आला नव्हता.

१३. पीएस ५ वर गेम खेळतोय, पण चित्र पीएस ४ सारखंच. का?

बहुधा तुम्ही पीएस ४ ची आवृत्तीच खेळताय. एकाच गेमच्या दोन्ही आवृत्त्या तुमच्याकडे असू शकतात आणि कन्सोल नेहमी नवीच निवडतो असं नाही. गेमच्या चौकटीवर जा, 'खेळा' बटणाशेजारची तीन टिंबं दाबा आणि तिथे कोणती आवृत्ती आहे ते बघून बदला. पीएस ४ ची डिस्क देऊन पीएस ५ ची आवृत्ती घेतली असेल तर ती खेळतानाही डिस्क आत लागते.

१४. माझे सेव्ह जातील का? शंभर तास खेळलोय.

पीएस ४ वरून पीएस ५ वर सेव्ह वायफायने, यूएसबीवर किंवा पीएस प्लसच्या क्लाउडमधून नेता येतात आणि पीएस ४ च्या आवृत्तीत ते जसेच्या तसे चालतात. त्याच गेमच्या पीएस ५ आवृत्तीत ते उघडतील की नाही हे बनवणाऱ्यांवर अवलंबून आहे. कित्येक गेममध्ये आधी जुन्या आवृत्तीत जाऊन सेव्ह 'अपलोड' करावा लागतो. जुना कन्सोल विकण्याआधी हे करा, नंतर उपाय नसतो.

एक्सबॉक्स वनचे सेव्ह खात्यासोबत आपोआप येतात. ३६० चे आणायचे तर ३६० वरच ते आधी क्लाउडमध्ये टाकावे लागतात. स्विचवरून स्विच २ वर दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून सगळं हलवता येतं. सर्व्हरमार्गे हलवलंत तर जुना स्विच कोरा होतो, हे ध्यानात ठेवा.

पीएस २ वाल्यांसाठी: पीएस १ चा गेम पीएस २ वर खेळताना सेव्ह करायला पीएस १ चंच मेमरी कार्ड लागतं.

१५. जुने कंट्रोलर चालतात का?

पीएस ४ चा कंट्रोलर पीएस ५ ला जोडतो, पण त्याने फक्त पीएस ४ चे गेम खेळता येतात. एक्सबॉक्स वनचा सिरीज एक्स आणि सिरीज एस वर सगळ्या गेमना चालतो, ३६० चा नाही. जुने जॉय-कॉन स्विच २ ला वायरलेस जोडता येतात, मात्र बाजूला अडकवता येत नाहीत, म्हणून चार्जिंगची वेगळी सोय लागते.

१६. कन्सोलमधली जागा संपली. जुने गेम बाहेरच्या हार्डडिस्कवर ठेवू का?

जरूर. पीएस ४ चे गेम पीएस ५ ला जोडलेल्या साध्या यूएसबी हार्डडिस्कवरून थेट चालतात, एक्सबॉक्सच्या मागच्या पिढ्यांचेही. नव्या पिढीचे गेम मात्र तिथे नुसते साठवता येतात, खेळायला आतल्या एसएसडीवर आणावे लागतात. स्विच २ ला नवं मायक्रोएसडी एक्स्प्रेस कार्ड लागतं, जुन्या कार्डावरून गेम चालत नाहीत.

१७. अपडेट न करता डिस्कवरून खेळलेला गेम जास्त चांगला चालतो, हे खरं आहे का?

एरवी नाही, पण एक प्रसिद्ध अपवाद आहे. २०१६ च्या 'द लास्ट गार्डियन'च्या डिस्कवरच्या पहिल्या आवृत्तीत फ्रेमच्या गतीला कुलूप नव्हतं. पीएस ४ वर तेव्हा चित्र अडखळायचं, म्हणून पुढच्या पॅचमध्ये ३० चं कुलूप आलं. पीएस ५ वर तीच डिस्क नेट बंद ठेवून, पॅच न घेता इन्स्टॉल केली की गेम ६० फ्रेमवर चालतो. डिजिटल विकत घेतलेल्याला हे करता येत नाही, त्याला पॅच लावलेलीच आवृत्ती मिळते. डिस्क टाकून देऊ नका असं मी का म्हणतो, त्याचं हे एक कारण.

१८. भाऊ अमेरिकेतून डिस्क आणतोय. इथल्या कन्सोलवर चालतील?

पीएस ४, पीएस ५, स्विच: चालतील. पण गेमसाठी नंतर घ्यायची भर किंवा पीएस ५ चं अपग्रेड डिस्कच्या प्रदेशाशी जुळणाऱ्या खात्यावरूनच घ्यावं लागतं. भारतीय खात्यावर अमेरिकी डिस्कची भर अनेकदा जुळत नाही. पीएस १ आणि पीएस २ च्या डिस्क प्रदेशाला बांधलेल्या आहेत, अगदी पीएस ३ वर घातल्या तरी.

१९. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या पीएस २ च्या कॉपी डिस्क पीएस ३ वर चालतील का?

नाहीत. आपल्याकडे खूप पीएस २ कॉपी डिस्क चालवणारी जास्तीची चिप बसवूनच विकले गेले, त्यामुळे कित्येकांनी मूळ डिस्क कधी पाहिलेलीच नाही. मूळ डिस्कवर छापतानाच एक खास खूण येते, ती साध्या बर्नरने उतरत नाही. बदल न केलेला कन्सोल ती शोधतो आणि न सापडल्यास डिस्क नाकारतो. त्या डिस्क पीएस २ सोबतच ठेवा.

२०. डिजिटल घेतलेले गेम कायमचे माझे आहेत ना?

कायद्याच्या भाषेत तुम्ही परवाना घेतलेला असतो. कॅलिफोर्नियात २०२५ पासून विक्रेत्याने हे ग्राहकाला स्पष्ट सांगणं बंधनकारक आहे, आणि तसा नियम सगळीकडे असायला हवा. निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएसची ऑनलाइन दुकानं २७ मार्च २०२३ ला बंद झाली, ३६० चं २९ जुलै २०२४ ला. आधी घेतलेले गेम पुन्हा उतरवता येतात, नवीन घेता येत नाहीत. २०२१ मध्ये सोनीनेही पीएस ३ चं दुकान बंद करायचं ठरवलं होतं, पण खेळणाऱ्यांनी इतका आवाज उठवला की महिनाभरातच निर्णय मागे घ्यावा लागला. तक्रार करून काय होतं, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

२१. डिस्क आहे, कन्सोल आहे, तरी गेम सुरू होत नाही. असं होऊ शकतं?

होतं. 'द क्रू' हा गाड्यांचा गेम एकट्याने खेळतानाही सर्व्हर मागायचा. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद झाला आणि डिस्क निरुपयोगी झाली. त्यातूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि तिच्या अर्जावर १० लाखांहून अधिक सह्या झाल्या. विकत घेण्याआधी खोक्याच्या मागे 'इंटरनेट आवश्यक' लिहिलंय का ते वाचा. असेल, तर त्या गेमचं आयुष्य सर्व्हरइतकंच.

२२. पीसीवर इम्युलेटर वापरणं बेकायदा आहे का?

इम्युलेटर बनवणं हा अमेरिकी न्यायालयांत गुन्हा ठरलेला नाही. पीएस १ च्या इम्युलेटरवरून सोनीने कनेक्टिक्स कंपनीवर केलेल्या दाव्यात २००० मध्ये अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला. गेमची प्रत नेटवरून उतरवणं ही वेगळी गोष्ट, तिथे कॉपीराइटचा भंग होतो, भारतातही. संरक्षण तोडण्याचा मुद्दाही वेगळा आहे: स्विचच्या 'युझू' इम्युलेटरच्या निर्मात्यांना २०२४ मध्ये निन्टेंडोशी तडजोड करून २४ लाख डॉलर मान्य करावे लागले.

२३. मग जुना कन्सोल विकू की ठेवू?

पीएस ४: सेव्ह हलवले असतील तर विका. पीएस ३ आणि वी यू: ठेवा, त्यांच्या डिस्क दुसऱ्या कुठल्याच कन्सोलवर चालत नाहीत. एक्सबॉक्स ३६०: तुमचे गेम यादीत तपासा, दोन-चार आवडते बाहेर राहत असतील तर ठेवा. आज जुन्या बाजारात त्याचे फार पैसे येत नाहीत. विकणार असाल तर खातं काढून कन्सोल पूर्ण कोरा करूनच द्या.

२४. लहानपणीची कॉन्ट्रा आणि मारिओची कॅसेट सापडली आहे. स्विचवर लावता येईल का?

नाही. आपल्याकडचे ते 'टीव्ही गेम' निन्टेंडोच्या जपानी फॅमिकॉम कन्सोलच्या नकला होत्या. त्यांच्या कॅसेटला ६० पिना असतात, त्याच कन्सोलच्या अमेरिकी रूपाच्या, एनईएसच्या कॅसेटला ७२, म्हणून ती खऱ्या एनईएसमध्येही थेट बसत नाही. जुनं यंत्र चालू असेल तर एव्ही केबलने टीव्हीला जोडा. हेच गेम कायदेशीरपणे हवे असतील तर मारिओ निन्टेंडोच्या ऑनलाइन वर्गणीत आहे आणि कॉन्ट्राचे जुने भाग २०१९ च्या संग्रहात पीएस ४, एक्सबॉक्स वन आणि स्विचवर मिळतात. बदकं मारायची बंदूक मात्र आताच्या सपाट टीव्हीवर चालणार नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीचा डोळा तो शोधतो. हा हिशेब जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेवर बसवलेला आहे. तसा टीव्ही घरात असेल तर भंगारात देऊ नका.